गळ्याची गाठ साधी निघाली, आता पुढे काय? ऑपरेशनशिवायच्या उपचारांची वाट

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एखाद्या बाईच्या गळ्याला गाठ दिसली की तीन सल्ले घरपोच मिळतात. शेजारीण म्हणते बिब्बा लाव. मेडिकलवाला म्हणतो थायरॉईडची गोळी सुरू करून पाहू. आणि शहरात कुणाचा तरी भाचा असतोच, तो म्हणतो ऑपरेशन करून मोकळे व्हा. मी डॉक्टर नाही, आशा गटप्रवर्तक आहे. दवाखान्याच्या बाकावर पेशंटसोबत बसून माझा अर्धा जन्म गेला. या तिन्ही सल्ल्यांत खोट एकच: गाठ कोणती आहे हे कुणीच पाहिलेलं नसतं. ते पाहायचा एक क्रम आहे. क्रमानं गेलं की बहुतेक जणींना ऑपरेशन तर लागत नाहीच, पुष्कळदा काहीच लागत नाही.

घरी: आरसा आणि घोटभर पाणी

उजेडात आरशासमोर बसा, मान थोडी मागे करा आणि पाण्याचा घोट घ्या. गिळताना गाठ वर सरकून पुन्हा खाली आली तर ती बहुधा थायरॉईडची. ही ग्रंथी फुलपाखरासारखी श्वासनलिकेला चिकटून बसलेली असते, म्हणून गिळताना तिच्यासोबत गाठही हलते. मानेच्या बाजूला असलेली आणि गिळताना न हलणारी गाठ वेगळी. ती टीबीची गंडमाळ असू शकते, तिची वाट वेगळी. गावात दोन्हीला 'गंडमाळ'च म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

घाबरायचं किती? आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागांतल्या पाहण्यांत हाताला लागेल अशी थायरॉईडची गाठ शंभरातल्या साधारण पाच बायकांना आणि एका पुरुषाला सापडते. सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक गाठी तर त्याच्या कितीतरी पट. तपासलेल्या शंभर गाठींतल्या सात ते पंधरा कॅन्सरच्या निघतात, बाकीच्या साध्या.

पण पुढचं काही असेल तर कापसाची वेचणी संपायची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात निघा: गाठ महिन्या-दोन महिन्यांत झपाट्यानं वाढली, दगडासारखी टणक लागते, आवाज बसला तो सुधारत नाही, आडवं झाल्यावर दम कोंडतो, मानेत आणखी गाठी लागतात, लहानपणी मानेला किरणांचा उपचार झालेला आहे, किंवा घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता.

बिब्ब्याबद्दल एकदाच सांगते. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात, गाठीला काहीही होत नाही. वर त्या भाजलेल्या कातडीतून तपासणीची सुई घालायला डॉक्टर तयार होत नाहीत आणि महिनाभर तपासणी लांबते. डाग देण्याचंही तेच.

पहिली चिठ्ठी: टीएसएच

सुरुवात रक्ताच्या एका तपासणीनं होते, तिचं नाव टीएसएच. थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनचं हे माप; थायरॉईड जास्त काम करू लागली की ते खाली जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर ग्रामीण रुग्णालयात विचारा, बाहेरच्या लॅबमध्येही होते. उपाशीपोटी जायची गरज नाही. 'फुल बॉडी पॅकेज'ची तर मुळीच नाही. केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी बंद करा, त्यांच्यामुळे आकडा चुकतो. हल्ली गावातल्या पोरीही या गोळ्या खातात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

टीएसएच कमी आला तर गाठ स्वतःच जास्तीचा हार्मोन बनवत असेल. अशा गाठीला 'हॉट' गाठ म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळा स्कॅन लागतो. अशी गाठ कॅन्सरची निघणं फार दुर्मीळ. टीएसएच बरोबर आला किंवा जास्त आला तर थेट सोनोग्राफी.

इथे मेडिकलवाल्याच्या गोळीचा हिशेब करून टाकू. गाठ आटवायला म्हणून थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्याच हार्मोनची गोळी द्यायची पद्धत पूर्वी होती. आता जाणकार डॉक्टर ती देत नाहीत. गाठ फारशी आटत नाही, उलट गरजेपेक्षा जास्त गोळीनं छातीत धडधड होते, ठोके बिघडतात आणि पाळी गेलेल्या बाईची हाडं झिजतात. टीएसएच बरोबर असताना फक्त गाठीसाठी गोळी लिहून दिली तर "ही कशासाठी?" असं विचारा. मात्र टीएसएच वाढलेला असल्यामुळे गोळी चालू असेल तर हे वाचून ती बंद करू नका. ती गोष्ट निराळी.

सोनोग्राफी: कागदावर काय लिहून आणायचं

मानेची सोनोग्राफी रेडिओलॉजिस्टकडूनच करून घ्या. तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, दुखत नाही. रिपोर्टमध्ये चार गोष्टी आहेत का ते तिथेच पाहा: गाठीची लांबी, रुंदी आणि जाडी अशी तिन्ही मापं; गाठ भरीव की पाण्याची; मानेतल्या लसिका गाठींबद्दल (थायरॉईडबाहेरच्या, इंग्रजीत लिम्फ नोड) एक ओळ; आणि टायरॅड्सचा आकडा, म्हणजे गाठ दिसायला किती संशयाची आहे त्याचा. नुसतं 'थायरॉईडमध्ये गाठ आहे' एवढंच लिहिलेलं असेल तर ती सोनोग्राफी पुढे नागपुरात पुन्हा करावी लागेल. पैसा तुमचाच जातो.

टायरॅड्स एक ते पाच असतो. एक आणि दोन म्हणजे निर्धास्त. तीन म्हणजे थोडा संशय, अडीच सेंटिमीटरपासून पुढे सुईची तपासणी. चार म्हणजे मध्यम संशय, दीड सेंटिमीटरपासून सुई. पाच असेल तर एक सेंटिमीटरपासूनच.

मागच्या दिवाळीआधी एक जण रिपोर्ट घेऊन माझ्या दारात आली, डोळे रडून लाल. "ताई, याच्यात चार लिहेल हाये, म्हंजे चौथी स्टेज ना वं?" तिनं दोन दिवस चूल पेटवली नव्हती, नवऱ्यानं बैल विकायची बोलणी सुरू केली होती. टायरॅड्सचा चार आणि कॅन्सरची चौथी स्टेज यांचा काडीचा संबंध नाही. तिच्या सुईचा रिपोर्ट साधा आला. बैल दावणीलाच राहिले.

सुई

सुईची तपासणी म्हणजे एफएनएसी. रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक सुई सोनोग्राफीत बघत गाठीत घालतात आणि थोड्या पेशी काढतात. 'सुई लागली की गाठ पसरते' हे मी शंभरदा ऐकलंय. या भीतीनं बायका वर्षं काढतात. साध्या गाठीत पसरण्यासारखं काही नसतंच, आणि वाईट गाठ असेल तर ती कळण्याचा हाच सगळ्यात स्वस्त रस्ता. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

रिपोर्टवर बेथेस्डा (पेशी पाहून गाठीची वर्गवारी करायची पद्धत) आणि पुढे रोमन आकडा असतो, एक ते सहा. दोन म्हणजे साधी गाठ. हा लेख दोनवाल्यांसाठी आहे. एक म्हणजे नमुना अपुरा, सुई पुन्हा. 'काही निघालं नाही' म्हणजे 'काही नाही' असा अर्थ लावून घरी बसू नका. तीन आणि चार म्हणजे संशय बाकी, पाच-सहा म्हणजे सर्जनकडे. तिथे ऑपरेशन टाळायच्या गोष्टी करू नयेत. साधी म्हटलेली गाठ नंतर वाईट निघणं शंभरात तीनच्या आतबाहेर असतं. म्हणूनच गाठ सुईनं जाळण्याआधी (तो उपचार पुढे सांगते) बहुतेक ठिकाणी दोनदा सुई करून दोन्ही वेळा साधी आहे याची खात्री करतात. पाण्याच्या किंवा हॉट गाठीला एकदा चालते.

साधी निघाली. आता उपचार हवाच का?

इथे घाई होते. गाठ आहे म्हणजे काढलीच पाहिजे, असं घरच्यांना वाटतं. इटलीत ९९२ जणांच्या साध्या गाठी पाच वर्षं पाहत ठेवल्या, त्याची नोंद २०१५ साली छापून आली. शंभरातल्या साधारण पंधरा जणांच्या गाठी वाढल्या, अठरा जणांच्या आपोआप लहान झाल्या, आणि पाहत ठेवलेल्या गाठींत कॅन्सर निघाला तो हजार गाठींतल्या साधारण तीन गाठींत.

म्हणून स्वतःला विचारा: घास अडकतो का? गळ्यात सतत काही दाबतंय असं वाटतं का? गाठ लांबून दिसते आणि चारचौघींत पदर ओढून बसावं लागतं का? की फक्त ती आहे हे माहीत झालं म्हणून झोप येत नाही? शेवटच्याच कारणासाठी असेल तर वर्ष-दोन वर्षांनी एक सोनोग्राफी, एवढाच उपचार. लग्नाच्या पोरीच्या गळ्यावर गाठ दिसते म्हणून उपचार घ्यायचा असेल तर ते मी खोटं कारण मानत नाही. तिच्या जागी बसून पाहावं.

वाढ मोजायची रीत सांगते, कारण इथे फसवणूकही होते. तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ०.५२ नं पुन्हा गुणा. येतो तो गाठीचा आकार मिलिलिटरमध्ये. चार बाय तीन बाय अडीच असेल तर ३० गुणिले ०.५२, म्हणजे साडेपंधरा मिलिलिटर. दोन तरी मापं वीस टक्क्यांनी आणि किमान दोन मिलिमीटरनं वाढली, किंवा हा आकार दीडपट झाला, तरच ती वाढ धरतात. एका मापात एक मिलिमीटरचा फरक मशीन बदललं तरी पडतो.

मीठ आणि सोयाबीनचाही प्रश्न येतोच. आयोडीनयुक्त मीठ खा, खायच्या मिठात आयोडीन नसेल तर विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. पण त्या मिठानं झालेली गाठ विरघळत नाही. आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या पुड्या मनानं घेऊ नका, गाठ असलेल्या ग्रंथीला जास्तीच्या आयोडीननं उलट धडधड सुरू होऊ शकते. सोयाबीन पिकवल्यानं किंवा खाल्ल्यानं गाठ होत नाही. थायरॉक्सिनची गोळी घेणारीनं मात्र गोळी आणि सोयाबीन-वडीची भाजी यात काही तासांचं अंतर ठेवावं, गोळी नीट शोषली जात नाही.

पाण्याची गाठ

हिचा उपचार सगळ्यात सोपा. सुईनं पाणी काढून टाकतात, गाठ तिथल्या तिथे बसते, बाई हसत घरी येते. महिन्या-दोन महिन्यांत पुष्कळदा पाणी पुन्हा भरतं. मग तीच गोष्ट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करत बसण्यापेक्षा 'इथेनॉल' विचारा. पाणी काढल्यावर त्या पोकळीत जवळजवळ शुद्ध, औषधी दर्जाचं अल्कोहोल सोडतात. आतलं अस्तर सुकतं, पोकळी आकसते. थोडी जळजळ होते, दोन-तीन वेळा यावं लागू शकतं, पण खर्च कमी. आमच्या एका सासूबाईंनी "गळ्यात दारू भरतेत" म्हणून सुनेला परत आणलं होतं. त्यांना समजावण्यात माझा एक रविवार गेला. भरीव गाठीला मात्र हा उपाय कामाचा नाही.

भरीव गाठ: सुईनं जाळणे

याचं नाव रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन, डॉक्टर आरएफए म्हणतात. कोरिया आणि इटलीसारख्या देशांत वीसेक वर्षांपासून होतं. मायक्रोवेव्ह आणि लेसर ही त्याचीच भावंडं: उष्णता निर्माण करायची तऱ्हा वेगळी, काम तेच.

गळ्याची जागा सुन्न करतात, पूर्ण भूल देत नाहीत. सोनोग्राफीत पाहत, गळ्याच्या मधोमधून एक बारीक सुई गाठीत नेतात. सुईच्या टोकाला विजेच्या लहरींनी उष्णता तयार होते आणि तेवढ्या जागेतल्या पेशी मरतात. मग टोक किंचित सरकवून पुढची जागा. शेतात चर मारत जावं तशी थोडी थोडी करून अख्खी गाठ. आवाजाची नस गाठीच्या मागून जाते, म्हणून तिथे डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून उशी तयार करतात आणि मधून मधून पेशंटला बोलायला लावतात. आवाज बदलला की थांबतात. अर्धा-पाऊण तास लागतो. जबड्याकडे, दाताकडे, खांद्याकडे कळ जाते. ती सांगायची, सहन करत बसायचं नाही. काही तास थांबवून बहुधा त्याच दिवशी सोडतात. टाका नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाठ त्या दिवशी जात नाही. पहिले काही दिवस तर सुजेनं मोठीच दिसते. मेलेल्या पेशी शरीर हळूहळू उचलून नेतं, त्यामुळे फरक महिन्यांत मोजायचा. सहा महिने ते वर्षात आकार साधारण ५० ते ८० टक्के कमी होतो. पण हा टक्का मिलिलिटरचा. वरची साडेपंधराची गाठ सत्तर टक्क्यांनी आटली तर पावणेपाच मिलिलिटर उरते, म्हणजे चार सेंटिमीटरची लांबी साधारण पावणेतीन होते. दाब जातो, बाहेरचा उंचवटा जातो, बोटाला थोडं लागतच राहतं. हे आधी न सांगितल्यामुळे "पैसे बुडाले" म्हणत भांडायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. मोठ्या गाठीला दुसरी बैठक लागू शकते, काही वर्षांनी कडेनं पुन्हा वाढही होऊ शकते.

धोका किती? कोरियातल्या १,४५९ रुग्णांच्या २०१२ सालच्या नोंदीत शंभरात साधारण तिघांना काही ना काही त्रास झाला, आवाजात बदल शंभरातल्या एकाला. रक्त साकळणं, कातडी भाजणं, गाठ आत फुटणं हेही कधीमधी होतं. ऑपरेशनशी तुलना करायची तर अर्धी ग्रंथी काढल्यावर साधारण पाचातल्या एकीला गोळी कायमची लागते. आरएफएनंतर ती क्वचितच लागते, कारण चांगली ग्रंथी जागेवर राहते.

जिथे करून घेणार तिथे विचारा: सुई दोनदा झाली का? आधी कान-नाक-घसावाल्यांकडून स्वरयंत्र पाहणार का? अशा किती केल्या? गळ्यात मोठं रक्त साकळलं तर इथेच सोय आहे का? एकूण खर्च लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नाला तोंडी उत्तर घेऊ नका. माझ्या जावेला एका खासगी ठिकाणी सांगितलेला आकडा आणि बिलावरचा आकडा यात 'सुईची किंमत वेगळी' एवढ्या तीन शब्दांचं अंतर होतं. ते फेडायला एक हंगाम गेला. पोटात बाळ असेल तर हा उपचार थांबवतात, हृदयात पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

हॉट गाठ

हिला किरणोत्सारी आयोडीन देतात. गोळी किंवा घोट असतो, चिरफाड नाही. गाठ ते आयोडीन स्वतःत ओढून घेते आणि आतून मंदावते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला देत नाहीत, घेतल्यानंतर सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. काही दिवस लहान मुलांना जवळ घेऊन झोपता येत नाही. एका खोलीच्या घरात ते कसं जमवायचं हे तारीख घेण्याआधी ठरवा, पोराला मामाकडे पाठवायचं तर तसं.

कुठे आणि कधी

टीएसएच जवळच होतो. सोनोग्राफी आणि सुईसाठी यवतमाळचं मेडिकल कॉलेज, अकोल्याचं मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याजवळचं सावंगीचं रुग्णालय, नागपूरचं मेडिकल कॉलेज आणि मिहानमधलं एम्स ही मोठी ठिकाणं. जाळण्याच्या उपचारासाठी 'इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी' हा विभाग आहे का, असं फोन करून विचारा. नुसतं "थायरॉईडचा इलाज होतो का" विचारलं की सर्जरीच्या ओपीडीत बसवतात, आणि सर्जरीच्या दारात बसलं की सर्जरीच सुचते. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला नेमक्या उपचाराचं नाव सांगून विचारा. गाठीचं ऑपरेशन बसतं म्हणून सुईचा उपचारही बसेल असं धरून चालू नका.

साध्या गाठीला घाई नसते, याचा फायदा घ्या. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत मजुरी बुडवून जाऊ नका. फेब्रुवारी बरा: हातात पैसा असतो, ऊन चढलेलं नसतं. मे महिन्यात पट्टी लावलेला गळा घेऊन एसटीत बसायचं काम नाही. बायकांना अर्धं तिकीट आहे, सोबतीला बाईच न्या. पहिल्याच भेटीत सोनोग्राफी आणि सुई एकाच दिवशी होईल का ते विचारलं तर एक खेप वाचते.

गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल, श्वासनलिका एका बाजूला ढकलली असेल किंवा दोन्हीकडे मोठ्या गाठी असतील तर ऑपरेशनच बरं. तेव्हा सुईचा हट्ट धरू नका.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून थांबून थांबून लावा. मऊ भात-वरण खा, आठवडाभर डोक्यावर ओझं आणि जड घमेलं नको. गळा एकदम फुगला, दम लागला, ताप आला किंवा काही आठवड्यांनी गाठीच्या जागी अचानक दुखून सूज आली तर १०८ ला फोन करा नाहीतर थेट रुग्णालय गाठा. सोनोग्राफी साधारण एक, सहा आणि बारा महिन्यांनी, शक्यतो त्याच ठिकाणी, जुना रिपोर्ट समोर ठेवून. पुढे कधी सुई करायची वेळ आली तर गाठ जाळलेली आहे हे आधी सांगा, नाहीतर मेलेल्या पेशी पाहून तपासणारा गोंधळतो. सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेच्या क्रमानं, आणि ती पिशवी कोठीत नव्हे, आधारकार्ड ठेवता तिथे. आमच्याकडे एकीचा सुईचा रिपोर्ट उंदरानं खाल्ला आणि तिला तिसऱ्यांदा सुई घ्यावी लागली.